प्रवाह गुप्त होतो तिथे

त्र्यंबकेश्वरात गोदावरी सलग दिसत नाही. ब्रह्मगिरीच्या माथ्यावर तिचं मूळ दाखवतात, मग डोंगराच्या अंगावर गंगाद्वाराला ती थेंबाथेंबाने प्रकटते, आणि त्यानंतर एकदम खाली गावात, कुशावर्ताच्या कुंडात. मधल्या वाटेत पाणी आहे, पण ते डोळ्यांना दिसत नाही. कथा सांगते की गौतम ऋषींनी शंकराला प्रसन्न करून गंगा ब्रह्मगिरीवर आणली, पण ती जागोजागी प्रकट होऊन पुन्हा गुप्त होऊ लागली. तेव्हा त्यांनी कुश, म्हणजे दर्भ, घेऊन तिला वेढा घातला आणि ती जिथे थांबली ते कुशावर्त. भूशास्त्र हीच गोष्ट आपल्या शब्दांत सांगतं. दख्खनचा काळा पाषाण थरावर थर असा रचलेला आहे. पावसाचं पाणी त्याच्या फटींतून आत उतरतं आणि खाली घट्ट थर लागला की आडवं सरकून झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. कथा आणि शास्त्र यांचं एका गोष्टीवर एकमत आहे. प्रवाह दिसेनासा झाला म्हणून तो आटला असं होत नाही. तो शेवटचा कुठे दिसला आणि पुढे कुठे दिसायला हवा होता, या दोन जागांच्या मध्येच त्याला शोधावं लागतं.

जुन्या बोटीच्या इंजिनाच्या वायरिंगबद्दल लिहायला मी त्र्यंबकपासून सुरुवात करतो आहे, याचं एक कारण ही कथा आहे. दुसरं कारण भूगोलाचं आहे. त्र्यंबकच्या डोंगररांगेवर पडणाऱ्या पावसाच्या दोन वाटा होतात. पूर्वेकडे उतरणारं पाणी गोदावरीचं. ते नाशिकच्या वर गंगापूर धरणात साठतं, तिथे बोटी चालतात, आणि उगमापासून एकूण १४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळतं. पश्चिमेकडचं पाणी वैतरणेचं. ते मुंबईची तहान भागवत अर्नाळा आणि दातिवऱ्याच्या मधल्या खाडीतून अरबी समुद्रात जातं, आणि त्या खाडीच्या दोन्ही काठांवर कोळ्यांच्या होड्या नांगरलेल्या असतात. त्र्यंबकला स्वतःचं बंदर नाही, पण तिथून निघालेल्या दोन्ही पाण्यांवर पुढे इंजिनं चालतात. आणि त्या इंजिनांची सगळ्यात सामान्य तक्रार एकच असते: चावी फिरवली, सेल्फ लागला नाही.

माझं म्हणणं असं आहे की जुन्या इंजिनाचा सेल्फ, म्हणजे विजेचा स्टार्टर, लागत नाही तेव्हा दोष बहुतेक वेळा सेल्फमध्ये नसतो, सेल्फपर्यंत जाणाऱ्या आणि तिथून परतणाऱ्या वाटेत असतो. सामान बदलत राहिल्याने वाटेतला दोष सापडत नाही. त्यासाठी ती वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासावी लागते, आणि तीही प्रवाह जोरात वाहत असताना. एवढी साधी गोष्ट, पण धक्क्यावर आणि गॅरेजात तिच्या नेमकं उलट घडताना दिसतं. पहिल्यांदा बॅटरीवर संशय, मग सेल्फवर, मग चावीच्या स्विचवर. एकेक वस्तू बदलली जाते, पैसे जातात, आणि दोन महिन्यांनी तीच तक्रार परत येते.

सेल्फ मागतो किती, हे आधी लक्षात घ्यायला हवं. मोटारीत विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ साली कॅडिलॅकने आणला. चार्ल्स केटरिंग याने तो घडवला होता. त्याआधी इंजिन सुरू करायला हँडल मारावं लागे. आपल्याकडेही एका सिलिंडरची सावकाश चालणारी डिझेल इंजिनं, शेतावरच्या पंपाची असोत की होडीतली, वर्षानुवर्षं हँडलनेच सुरू होत आली. दाब सोडायचा खटका वर करायचा, चाकाला वेग द्यायचा, खटका पाडायचा. तिथे खांद्याची ताकद लागायची. सेल्फ तेवढीच ताकद बॅटरीकडून मागतो, तीही काही सेकंदांत. मध्यम आकाराच्या डिझेल इंजिनाचा सेल्फ २०० ते ४०० अँपिअर सहज ओढतो. घरातला छताचा पंखा एक अँपिअरही घेत नाही, यावरून अंदाज यावा. इतका मोठा प्रवाह बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावरून निघतो, मेन स्विचमधून जातो, अंगठ्याएवढ्या जाड केबलने सेल्फच्या सोलेनॉइडवर पोचतो, आतल्या तांब्याच्या संपर्कांतून मोटारीत शिरतो, कार्बन ब्रशांतून फिरून सेल्फच्या अंगात येतो, तिथून बोल्टांवाटे इंजिनाच्या लोखंडात, आणि अर्थच्या केबलने परत बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर. मोजायला बसलं तर या वाटेवर दहा-बारा जोड सहज भरतात. प्रत्येक जोड म्हणजे केबलच्या टोकावरचं एक थिंबल, एक नट आणि दोन धातूंचे एकमेकांवर टेकलेले पृष्ठभाग.

आता त्यातल्या एकाच जोडावर ०.०१ ओहमचा रोध तयार झाला असं धरू. हा आकडा इतका लहान आहे की साध्या मीटरवर रोध मोजायला गेलं तर काटा शून्यच दाखवील. पण त्यातून २०० अँपिअर जाऊ लागले की तिथे २ व्होल्ट खर्च होतात आणि ४०० वॉट उष्णता तयार होते. बारा व्होल्टची चांगली बॅटरीसुद्धा सेल्फच्या ओढीखाली साडेदहाच्या आसपास उतरते. त्यातले दोन जोडानेच खाल्ले तर सेल्फला मिळतात साडेआठ. इंजिन अर्धं वळतं आणि थांबतं. माणूस म्हणतो, बॅटरी बसली. बॅटरी बसलेली नसते. चार-पाच सेकंद सेल्फ मारून झाल्यावर एकेका जोडावर बोट टेकवून पाहिलं, तर एक जोड इतरांपेक्षा गरम लागेल. हाताजवळ मीटर नसेल तेव्हाची ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रामाणिक परीक्षा.

इथेच बहुतेकांची फसगत होते, म्हणून या मुद्द्यावर थोडं थांबतो. सेल्फ लागला नाही की लोक मीटर काढतात, सेल्फच्या मोठ्या खुंटावर टोक लावतात, मीटर १२.६ दाखवतो, आणि निष्कर्ष निघतो की वीज इथपर्यंत नीट येते आहे, म्हणजे सेल्फच गेला. पण आजचा मीटर स्वतः अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाएवढा प्रवाह घेतो. एवढ्या प्रवाहाला कसलाच जोड अडवत नाही. केबलच्या शेकडो तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी मीटर १२.६ दाखवणार. टेस्ट लॅम्प याहून बरा, पण ५ वॉटचा दिवाही अर्ध्या अँपिअरच्या आत भागतो, आणि खराब जोडावरही तो झगझगीत पेटतो. दिवा पेटला म्हणजे वाट मोकळी आहे असं धरणं हे डोंगरातला झिरपणारा थेंब पाहून खाली नदी दुथडी भरून वाहते आहे असं धरण्यासारखं आहे. वाट किती मोकळी आहे हे तिच्यावर पूर्ण भार पडल्यावरच कळतं.

म्हणून मोजणी उलट्या रीतीने करायची. मीटर व्होल्टवर ठेवायचा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटाच्या शिशावर टेकवायचं. खुंटावर बसवलेल्या पकडीवर नव्हे, शिशावरच, कारण खुंट आणि पकड यांच्या मधला पृष्ठभाग हाच पहिला संशयित आहे. दुसरं टोक सेल्फच्या अंगावर, रंग खरवडून उघड्या केलेल्या लोखंडावर. मग दुसऱ्या माणसाला चावी फिरवायला सांगायची. वाट निर्मळ असेल तर मीटर जेमतेम ०.२ किंवा ०.३ व्होल्ट दाखवील. तो १.८ दाखवत असेल तर परतीच्या वाटेवर चोरी होते आहे, हे तिथल्या तिथे ठरलं. एक नटही अजून उघडलेला नाही. मग पुढचं टोक एकेक जोड मागे आणायचं: सेल्फच्या अंगावरून इंजिनाच्या ब्लॉकवर, ब्लॉकवरून अर्थच्या थिंबलवर, थिंबलवरून केबलच्या दुसऱ्या टोकावर, तिथून पकडीवर. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा एकदम पडतो, तिथे दोष. पॉझिटिव्ह बाजूचीही अशीच तपासणी. तिथे स्विच आणि सोलेनॉइड धरून ०.५ व्होल्टपर्यंत चालतं. सगळं मिळून पाच-दहा मिनिटांचं काम.

परतीच्या वाटेचं नाव मी आधी घेतलं, ते मुद्दाम. आपलं लक्ष नेहमी जाणाऱ्या विजेकडे असतं, परतणाऱ्या विजेकडे नसतं. पॉझिटिव्ह केबल लाल असते, जाड असते, तिच्यावर टोपी असते. अर्थची केबल इंजिनाच्या खालच्या अंगाला कुठेतरी एका बोल्टखाली दाबलेली असते, तेल आणि पाणी जिथे साचतं तिथेच, आणि त्या बोल्टखाली कोणीतरी कधीतरी इंजिनाला रंग मारताना रंगही गेलेला असतो. जेवढा प्रवाह जातो तेवढाच परत यावा लागतो, नाहीतर तो जातच नाही. जुन्या बोटींत मला सगळ्यात आधी संशय घ्यावासा वाटतो तो या एका बोल्टचा.

खारं वारं या जोडांचं काय करतं ते एकदा थिंबल हातात घेऊन पाहावं. वरून केबल धडधाकट दिसते, रबर काळंभोर आणि मऊ. नट सैल केला, थिंबल फिरवलं की खालून हिरवट भुकटी पडते. तांबं आणि मीठ यांच्या संगतीतून झालेला तो क्षार. थिंबलच्या कडेने रबर दोन बोटं चिरलं तर आतल्या तारा लाल नसतात, काळ्या असतात, आणि आणखी आत गेलं तरी काळ्याच. ओल तारांच्या बारीक फटींतून वातीसारखी वर चढत गेलेली असते. म्हणून नुसतं थिंबल बदलून भागत नाही. लखलखीत तांबं लागेपर्यंत केबल कापावी लागते, आणि लांबी पुरली नाही तर नवी घ्यावी लागते. बॅटरीच्या खुंटावरची पांढरी-निळसर बुरशी वेगळी. ती आम्लाच्या वाफेची. सोड्याच्या पाण्याने फसफसून निघून जाते. दोन्हींना आपल्याकडे काट चढला असंच म्हणतात, पण दोन्हींची कारणं वेगळी आणि इलाजही वेगळे.

या काटाचा हंगाम आपल्याकडे ठरलेला आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ऐन पावसाचे ६१ दिवस होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, ताडपत्रीखाली, इंजिनघर बंद, आत दमट हवा कोंडलेली. बॅटरी न वापरताही हळूहळू उतरत असते; तिच्या माथ्यावर ओलसर धूळ असेल तर जास्तच. ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या पत्र्यांवर शिशाचा कठीण क्षार धरतो आणि मग ती पूर्ण भरतच नाही. नारळी पौर्णिमेच्या सुमारास होडी पुन्हा पाण्यात उतरते आणि पहिली चावी फिरते, ती अशा इंजिनावर. वर्षभर रोज चाललेला जोड तापून, थरथरून, वारा लागून कसाबसा टिकतो. दोन महिने पडून राहिलेला जोड मात्र चावी फिरवल्याबरोबर धोका देतो. गोड्या पाण्याचीही सुटका नाही. धरणावरच्या बोटींना मीठ लागत नाही, पण ओल लागते, उंदीर लागतात आणि मुख्य म्हणजे रिकामपण लागतं. पुरासाठी राखून ठेवलेल्या बोटीचं तर जगणंच तसं असतं: अकरा महिने पडून राहायचं आणि एका रात्री एका चावीत सुरू व्हायचं. नाशकात रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर चढलं यावरून लोक पुराची उंची सांगतात. २००८, २०१६ आणि २०१९ साली गोदावरीने ही मापं घ्यायला लावली. पाणी मारुतीच्या छातीला लागलं असताना बोटीच्या अर्थचा बोल्ट शोधायला वेळ नसतो.

आता आवाजाबद्दल. जाणकार मिस्त्री आवाजावरून पुष्कळ सांगतात, आणि त्यामागे खरं कारण असतं. चावी फिरवल्यावर टक-टक-टक असा भराभर आवाज येतो त्याचं उदाहरण घेऊ. सोलेनॉइडच्या आत दोन वेटोळी असतात. एक ओढणारं, जोरकस. दुसरं धरून ठेवणारं, हलकं. चावीची वीज आली की दोन्ही मिळून लोखंडी दट्ट्या आत खेचतात, दट्ट्या सेल्फचा दात फ्लायव्हीलच्या कड्यात सरकवतो आणि शेवटी मोठे संपर्क जोडतो. संपर्क जुळले की ओढणारं वेटोळं आपोआप निकामी होतं आणि दट्ट्या केवळ धरणाऱ्या वेटोळ्यावर राहतो. आता मोठा प्रवाह सुरू झाला आणि वाटेत किंवा बॅटरीत दम नसला, तर व्होल्टेज एकदम कोसळतं, धरणारं वेटोळं सोडून देतं, दट्ट्या मागे येतो, प्रवाह तुटतो, व्होल्टेज पुन्हा वर येतं, दट्ट्या पुन्हा आत. हेच सेकंदाला अनेकदा. म्हणून टक-टक-टक म्हणजे भार सोसत नाही. एकच ठसठशीत टक आणि मग शांतता, म्हणजे दट्ट्या आत राहिला पण पुढे काही गेलं नाही: संपर्क जळालेले, ब्रश झिजलेले, किंवा इंजिनच अडकलेलं. सेल्फ मोकळाच भिरभिरतो आणि इंजिन हलत नाही, म्हणजे दात बसत नाही. आणि काहीच आवाज नाही, म्हणजे दोष बहुधा जाड केबलीत नाही, बारीक तारेत आहे.

ही बारीक तार जुन्या बोटीत फार लांबची असते. चावी वर तांडेलाच्या हाताशी, इंजिन खाली मागे. बॅटरीकडून इंजिन, इंजिनाकडून प्लगमधून वर चावी, चावीकडून न्यूट्रलचा स्विच, पुन्हा त्याच प्लगमधून खाली सोलेनॉइड. मधला प्लग बहुधा इंजिनाच्या डोक्यावर लटकत असतो. तिथेच उष्णता, तिथेच डिझेलची वाफ, तिथेच गळकं पाणी. त्यातल्या पितळी पिना हिरव्या पडतात. चावी फिरवूनही सोलेनॉइडच्या छोट्या खुंटावर सातच व्होल्ट मिळत असतील, तर नवा सोलेनॉइड आणूनही काही होणार नाही. इथे शोधायची उत्तम रीत म्हणजे वाटेच्या मध्यावर जाऊन मोजायचं. प्लगवर पुरते व्होल्ट असतील तर दोष पुढच्या अर्ध्यात. नसतील तर मागच्या अर्ध्यात. मग उरलेल्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं. सोळा जागा असल्या तरी चार मोजण्यांत उत्तर येतं. पुष्कळ ठिकाणी सेल्फजवळ रिले बसवून ही अडचण मिटवतात: लांबची तार फक्त रिलेला जागं करते आणि सोलेनॉइडची वीज जवळूनच मिळते. उपाय चांगला आहे. मात्र खराब प्लग तसाच ठेवून रिले लावला तर फक्त काही वर्षांची मुदत मिळते, इतकंच.

या सगळ्यावर पहिला आक्षेप नाखव्याचा असेल, आणि तो वजनदार आहे. हंगाम चालू असताना, बर्फ भरलेला असताना, खलाशी बसून असताना मीटर घेऊन मोजत बसायला सवड कुणाला? नवा सेल्फ लावला की इंजिन सुरू होतं, असा त्याचा अनुभव आहे. हा अनुभव खोटा नाही. त्याचा अर्थ मात्र चुकीचा लावला जातो. सेल्फ बदलायचा तर केबल सोडावी लागते, थिंबल पुसलं जातं, बोल्टखालचा गंज खरवडला जातो, नट कचकचून आवळले जातात. म्हणजे सेल्फ बदलताना सगळ्यात वाईट दोन-तीन जोड आपोआप दुरुस्त झाले. इंजिन सुरू झालं ते नव्या सेल्फमुळे की साफ झालेल्या जोडांमुळे, हे वेगळं केल्याशिवाय कळणार कसं? जुना सेल्फ वाइंडिंगवाल्याकडे नेला आणि त्याने टेबलावर बॅटरी लावली की तो सुसाट फिरतो, हे कितीतरी वेळा दिसतं. आणि काळ्या पडलेल्या तारांमधून नवा सेल्फ दोन महिने चालतो आणि पुन्हा रुसतो, कारण कमी व्होल्टेजवर तो सावकाश फिरतो, जास्त वेळ फिरवावा लागतो आणि तापतो. म्हणून हंगामात सवड नाही हा मुद्दा पाच-दहा मिनिटांच्या मोजणीच्या विरुद्ध जात नाही, बाजूनेच जातो.

दुसरा आक्षेप जुन्या मिस्त्रींचा. ज्याने तीस वर्षं इंजिनं ऐकली त्याला मीटर काय शिकवणार? त्यांच्या कानाबद्दल मला खरा आदर आहे. वर आवाजांचं जे सांगितलं ते त्यांच्याच ज्ञानातून आलेलं आहे. पण कान दोषाची जात सांगतो, जागा सांगत नाही. टक-टक-टक हा आवाज उतरलेल्या बॅटरीचाही तोच, ढिल्या पकडीचाही तोच, रंगावर बसलेल्या अर्थचाही तोच. तिथून पुढे कानाला वाट नाही. नाडी पाहणाऱ्या वैद्याने ताप मोजायला थर्मामीटर वापरला तर त्याची विद्या कमी होत नाही.

तिसरा आक्षेप असा की कधीकधी सेल्फच खरोखर गेलेला असतो. असतोच. बोटीत तो इंजिनाच्या खालच्या अंगाला, साचलेल्या पाण्याच्या जवळ असतो. पाणी चढलं की आधी तोच भिजतो. ब्रश झिजतात, बुश झिजून आतला गाभा घासू लागतो, संपर्कांवर खड्डे पडतात. पण हेही मोजूनच ठरतं. चावी फिरवलेली असताना सेल्फच्या खुंटावर आणि त्याच्याच अंगावर टोकं ठेवून दहा-साडेदहा व्होल्ट मिळत असतील आणि तरी तो फिरत नसेल, तर वाट निर्दोष आणि सेल्फ दोषी. तेव्हा बेलाशक उतरवावा. फक्त त्याआधी इंजिन हाताने फिरतं का हे पाहायलाच हवं. पुष्कळ बोटींच्या धुराड्यात थंड करणारं पाणी सोडलेलं असतं; इंजिन सुरू न होता सेल्फ मारत राहिलं तर पंप पाणी ढकलत राहतो, ते बाहेर फेकायला धूर नसतो, आणि धुराड्यात साचत साचत ते मागे सिलिंडरात उतरू शकतं. पाणी दाबलं जात नाही. त्यावर सेल्फचा जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या जोडाच्या दोषापायी अख्खं इंजिन जातं ते असं, आणि म्हणूनही दहा-पंधरा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नये. मारावाच लागला तर समुद्राच्या पाण्याचा वॉल्व बंद करून, आणि इंजिन लागताच तो उघडून.

जुनं इंजिन काढून नवं घ्यावं, हा शेवटचा सल्ला मला पटत नाही, आणि तो पैशांमुळेच नव्हे. अशोक लेलँडची सहा सिलिंडरची इंजिनं किंवा किर्लोस्करची लहान डिझेलं किनाऱ्यावर टिकली, कारण ती समजतात. त्यांचा प्रत्येक भाग हाताला लागतो. नव्या इंजिनात संगणक आहे, आणि त्या संगणकाला व्होल्टेजची घसरण जुन्या सेल्फपेक्षा कितीतरी कमी सोसते. ढिल्या अर्थवर जुनं इंजिन कुरकुरत सुरू होईल. नवं कधीकधी भलताच दोष दाखवून बंद बसेल. जोड सांभाळायची विद्या नव्या इंजिनाबरोबर जास्तच लागणार आहे.

खरी अडचण जुन्या बोटीत वेगळीच असते. वीस-तीस वर्षांत अनेक हातांनी तारा ओढलेल्या असतात. लाल तार संपली म्हणून निळी जोडलेली, दिव्यासाठी फाटा काढलेला, एक तार कुठूनच येत नाही आणि कुठेच जात नाही. अशा बोटीत तारेच्या रंगावर विश्वास ठेवता येत नाही. पंधराशे माणसांचं गाव नकाशाशिवाय चालतं, कारण तिथे विचारायला माणसं असतात. इथे विचारायला कुणी नसतं. म्हणून बंदीच्या दोन महिन्यांत कुणीतरी एक दिवस काढून कागदावर नकाशा काढावा: बॅटरीपासून निघून बॅटरीपर्यंत, प्रत्येक जोडाला आकडा, तारेच्या दोन्ही टोकांना तोच आकडा. जे फाटे निरुपयोगी ते कापून टाकावेत. नवी केबल घेताना कल्हई केलेल्या तांब्याची घ्यावी. महाग असते, पण तिच्यात काट इतक्या सहज चढत नाही. थिंबल चिमट्याने घट्ट दाबून बसवावं. नुसत्या डाखावर जोड टांगू नये, कारण डाख जिथे संपतो तिथे तार ताठर होते आणि इंजिनाच्या थरथरीने तिथेच तुटते. आणि बॅटरी सोडताना निगेटिव्ह आधी काढावी, लावताना ती शेवटी लावावी. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि पान्याची एक ठिणगी त्याला पुरते. हे शेवटचं वाक्य कुणी विसरू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

कुशावर्ताला गौतमांनी काय केलं, हे या संदर्भात मला पुन्हा आठवतं. त्यांनी दुसरी नदी मागितली नाही. होती तीच नदी कुठे निसटते आहे ते पाहिलं आणि तिथे दर्भ ठेवला. २०२७ साली नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ आहे. लाखो माणसं या काठांवर उतरतील आणि बचावाच्या बोटी पाण्यावर सज्ज ठेवाव्या लागतील. आणि दर वर्षी नारळी पौर्णिमा येईल आणि होड्या पाण्यात उतरतील. ज्यांच्या ताब्यात अशी एखादी बोट आहे त्यांना एवढीच विनंती: नव्या सेल्फची ऑर्डर देण्याआधी मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर ठेवा, आणि कुणालातरी चावी फिरवायला सांगा.